लॉक कुणाचं काढून कुणाला देतो? डिफरन्शियल लॉक असलेली गाडी चालवताना

(यवतमाळ इथे वाहनचालक, शेतकरी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, वेगवान गाड्या आणि यवतमाळ यांचा काय संबंध? आपल्याकडे रेसचा ट्रॅक नाही. वेग बघायचा तर शंकरपट बघायचा. पण डिफरन्शियल लॉक ही वस्तू इथे बसलेल्या कितीतरी लोकांच्या टाचेखाली रोज असते. ट्रॅक्टरच्या सीटजवळचं ते छोटं पायडल आठवा. एक चाक चिखलात गरगर फिरायला लागलं की टाच त्यावर जाते आणि ट्रॅक्टर बाहेर निघतो. तेच तत्त्व थोड्या वेगळ्या रूपात थारमध्ये आहे, खाणीवरच्या टिप्परमध्ये आहे आणि रेसच्या गाडीतही आहे.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. लॉक इंजिनची ताकद वाढवत नाही. तो फक्त एका चाकाकडून जोर काढून दुसऱ्याला देतो. कुणाकडून काढतो आणि कुणाला देतो, हे ज्याला कळलं त्याला ही गाडी चालवता येते. ज्याला कळलं नाही त्याला ती एखाद्या वळणावर फसवते, मग ती ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर असो की तीस लाखांची गाडी.

बंडी, शकुंतला आणि मोटार

आधी डिफरन्शियल लागतंच कशाला, ते बघू.

आपली बैलबंडी घ्या. बंडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागते, आतल्याला कमी. बंडीला त्याची काही अडचण येत नाही, कारण दोन्ही चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात. ओढण्याचं काम बैल करतात, चाकांना फक्त गडगडत जायचं असतं.

आता दुसरं टोक. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आपली शकुंतला. गेली काही वर्षं ती थांबलेली आहे, पण तिची चाकं बघितलेले लोक इथे नक्की असतील. रेल्वेच्या डब्याची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. एक फिरलं की दुसरं तितकंच फिरणार. मग ती वळते कशी? चाकाचा रुळावर टेकणारा भाग किंचित उतरता, शंकूसारखा असतो. वळणावर चाकांची जोडी थोडी बाहेर सरकते, त्यामुळे बाहेरचं चाक मोठ्या घेरावर आणि आतलं लहान घेरावर चालतं. फेऱ्या सारख्या, पण वाट कमी-जास्त. शिवाय रेल्वेची वळणं मोठी असतात, म्हणून हे जमतं.

मोटारीला यातलं काहीच चालत नाही. तिच्या चाकांना इंजिनचा जोरही हवा आणि वळताना वेगवेगळ्या फेऱ्याही हव्यात. १८२७-२८ च्या सुमारास ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने वाफेवरच्या गाडीसाठी यावर तोडगा काढला. क्राउन गिअरच्या पोटात छोटे गिअर असे बसवायचे की जोर दोन्ही चाकांना सारखा जाईल, पण फेऱ्या ज्याच्या त्याला लागतील तितक्या होतील. तेच डिफरन्शियल.

फेऱ्यांचा हा फरक किती असतो? दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा. गाडी काटकोनात, म्हणजे ९० अंशांत वळली, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त चालतं. गंमत अशी, की वळण लहान असो वा मोठं, हा आकडा बदलत नाही. एसटी स्टँडच्या फाटकातलं आखूड वळण घ्या किंवा बुटीबोरी–तुळजापूर हायवेवरचं लांबलचक वळण घ्या, ९० अंश वळलात की फरक २.३६ मीटरच.

मग दोन्हींत फरक काय? फरक वाटून कसा घेतला जातो, याचा. सहा मीटर त्रिज्येचं वळण घेताना गाडी जेमतेम साडेनऊ मीटर चालते. त्यात २.३६ मीटर म्हणजे चक्क पाव हिस्सा. हायवेवरचं वळण तीनशे मीटर त्रिज्येचं असेल तर वाट सुमारे ४७० मीटरची. त्यात २.३६ मीटर म्हणजे अर्धा टक्का. एवढं रबर सहज पचवून घेतं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पाव हिस्सा आणि अर्धा टक्का. पुढे लागतील.

काळ्या मातीतला घोटाळा

साध्या डिफरन्शियलची एक खोड आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. ऐकायला न्याय्य वाटतं, पण काळ्या जमिनीत हाच न्याय गाडी बुडवतो.

आपली कापसाची काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, टायरच्या खाचा भरून टाकते. खाचा भरल्या की नक्षीदार टायर गुळगुळीत झाल्यासारखाच. पांदण रस्त्यावर एक चाक अशा गाऱ्यात आणि दुसरं कडेच्या घट्ट मुरमावर आहे असं समजा. गाऱ्यातल्या चाकाला १०० एककांपेक्षा जास्त जोर पेलत नाही, त्यापुढे ते नुसतं फिरतं. मुरमावरचं चाक १००० पेलू शकतं. हे आकडे फक्त समजण्यापुरते. साधं डिफरन्शियल दोघांना सारखं देणार, म्हणजे मुरमावरच्या चाकालाही १००च मिळणार. एकूण २००. गाडी जागची हलत नाही. तुम्ही रेस वाढवता, तर गाऱ्यातलं चाक आणखी जोरात फिरतं आणि आणखी खोल जातं.

लॉक लावला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात, शकुंतलेच्या चाकांसारखी. आता गाऱ्यातलं चाक एकटं पळू शकत नाही. ते १०० घेतं, मुरमावरचं १००० घेतं, एकूण ११००. इंजिन तेच, गिअर तोच.

इथे आजचा नियम सांगतो. लॉक नेहमी जास्त वेगाने फिरू पाहणाऱ्या चाकाकडून जोर काढतो आणि हळू फिरणाऱ्या चाकाला देतो. चिखलात पळणारं चाक म्हणजे घसरणारं चाक, म्हणून त्याचं काढून पकड असलेल्याला देणं आपल्या फायद्याचं ठरतं. पण वेगाने फिरणारं चाक दरवेळी घसरणारंच असतं का? नाही. वळणावर बाहेरचं चाक वेगाने फिरतं, कारण त्याला जास्त वाट चालायची आहे. लॉकला हे कळत नाही. तो फक्त वेग बघतो.

ट्रॅक्टरवरचा धडा

म्हणून ट्रॅक्टरवर लॉक लावून वळायचं नसतं. डाव्या बाजूला वळताय असं धरा. बाहेरचं म्हणजे उजवं चाक जास्त फिरू पाहतं. लॉक त्याला रोखतो आणि आतल्या डाव्या चाकाला पुढे ढकलतो. डावी बाजू पुढे ढकलली गेली की ट्रॅक्टरचं तोंड उजवीकडे, म्हणजे सरळ वाटेकडे जातं. पुढची चाकं वळलेली असतात, पण ती ओल्या मातीत नुसती घासत जातात. आणि समोर नाला असेल तर?

वापराच्या चार गोष्टी सांगतो. जुन्या चालकांना त्या माहीत आहेत, नव्यांसाठी.

एक, लॉक आधी लावा, मग अवघड जागेत शिरा. एक चाक आधीच गरगर फिरत असताना लॉक दाबला तर आतले दाते आदळतात आणि तुटतात. चाक फिरायला लागलंच असेल तर क्लच दाबा, चाक थांबू द्या, लॉक लावा, मग हळू उचला.

दोन, वळायच्या आधी लॉक सोडा. पायडलवरची टाच काढली तरी ताण असेपर्यंत तो अडकून राहू शकतो. रेस कमी करा किंवा क्षणभर क्लच दाबा, तो सुटतो.

तीन, लॉक लागलेला असताना एका बाजूचा ब्रेक मारून वळायचा प्रयत्न करू नका. दोन्ही चाकं बांधलेली असताना एकालाच अडवणं म्हणजे आतल्या गिअरशी भांडण. डांबरी रस्त्यावर तर दोन्ही ब्रेक पायडलं कडीने जोडलेलीच हवीत.

चार, आणि ही जिवाची गोष्ट आहे. दोन्ही मागची चाकं आसापर्यंत रुतली असतील तर लॉकचा उपयोग नाही. चाकापुढे लाकडाचा ओंडका घालून रेस देणं तर फार धोक्याचं. चाक फिरू शकत नसेल तर इंजिनचा जोर ट्रॅक्टरचं नाक वर उचलतो आणि ट्रॅक्टर मागे, चालकावर उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. अशा वेळी माती उकरा, रिव्हर्समध्ये काढून बघा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

थार, गुरखा आणि दोन जातींचे लॉक

आता शेतातून रस्त्यावर येऊ. नाशिकला बनणारी, २०२० सालची नव्या बांधणीची महिंद्रा थार आणि फोर्सची गुरखा, या दोन गाड्यांत लॉकच्या दोन जाती दिसतात.

गुरखात लॉक चालकाच्या हातात आहे. पुढच्या आसाचा वेगळा, मागच्या आसाचा वेगळा. तुम्ही लावाल तेव्हा लागतो, सोडाल तेव्हा सुटतो. जबाबदारी पूर्ण तुमची. पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, म्हणून तो सगळ्यात शेवटी लावायचा आणि सगळ्यात आधी काढायचा.

थारच्या ज्या प्रकारांत यांत्रिक लॉक येतो, तो मागच्या आसावर असतो आणि आपोआप लागतो. दोन चाकांच्या फेऱ्यांत ठरावीक फरक पडला की आतली यंत्रणा झडप घालते. कधी ‘टक्’ असा आवाजही येतो. गाडीचा वेग वाढला की तो लागत नाही, अशी सोय आत असते. कारण वेगात अचानक लागलेला लॉक म्हणजे अचानक बदललेली गाडी. एवढं लक्षात ठेवा, की हा लॉक लागण्यासाठी चाक आधी थोडं घसरावं लागतं. म्हणून चाक फिरायला लागलं की घाबरून पाय काढायचा नाही. हलका, स्थिर जोर ठेवायचा, तो पकडतो.

तिसरी एक युक्ती आज बऱ्याच गाड्यांत असते. घसरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो, मग जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. याला मोठमोठी नावं आहेत, पण ट्रॅक्टरवाला फिरणाऱ्या चाकाचा एका बाजूचा ब्रेक हलका दाबून हेच कधीपासून करतोय.

रेसमध्ये याची गरज का पडली

१९३० च्या दशकात जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियन कंपनीसाठी रेसची गाडी आखली. सोळा सिलिंडरचं इंजिन, तेही चालकाच्या पाठीमागे. ताकद इतकी की चांगल्या वेगातही मागचं एक चाक जागच्या जागी फिरायचं. चिखल नव्हता, कोरडा रस्ता होता. पण वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर जातं, आतलं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला जोर पेलत नाही. म्हणजे आपल्या गाऱ्यातल्या चाकाचीच गोष्ट, फक्त कारण वेगळं. १९३५ साली पोर्शे यांनी झेडएफ या कंपनीकडून यावर उपाय करून घेतला. पूर्ण बांधून टाकणारा लॉक नको, आणि पूर्ण मोकळंही नको. घसरण मर्यादेत ठेवणारं डिफरन्शियल हवं. त्यालाच पुढे लिमिटेड स्लिप म्हणू लागले.

आज त्याचा सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे प्लेटांचा. क्लचसारख्या प्लेटांची थप्पी असते. पायाने जोर दिला की आतल्या उतरत्या कडा प्लेटांना दाबतात आणि दोन चाकं एकमेकांना कमी-जास्त बांधली जातात. फक्त जोर देताना बांधणारा तो एकमार्गी, पाय काढल्यावरही बांधणारा तो दुमार्गी. म्हणजे हा असा लॉक, ज्याचा स्विच तुमच्या उजव्या पायात आहे. जितका दाबाल तितका तो लागतो.

दुसऱ्या टोकाला गो-कार्ट. तिला डिफरन्शियल नसतंच, मागचा आस अखंड. मग ती वळते कशी? स्टिअरिंग वळवलं की तिचं आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. चाकच हवेत, मग भांडण कुणाशी? विद्यार्थी बाजा स्पर्धेसाठी गाड्या बनवतात, त्यातही काही संघ वजन वाचवायला डिफरन्शियल काढून टाकतात आणि हीच युक्ती वापरतात.

वळण: शिरताना, मधे, निघताना

आता मुख्य भाग. मागची चाकं चालवणारी, लिमिटेड स्लिप बसवलेली ताकदवान गाडी तुमच्या हातात आहे. हे सगळं बंद ट्रॅकवरचं समजा. वळणाचे तीन भाग करू आणि प्रत्येक ठिकाणी तोच नियम लावू: जास्त फिरणाऱ्याचं काढायचं, कमी फिरणाऱ्याला द्यायचं.

*शिरताना.* अजून कुठलंच चाक घसरत नाहीये. बाहेरचं चाक जास्त फिरतंय. लॉक त्याचं काढून आतल्याला देतो. आतली बाजू पुढे ढकलली जाते, गाडी वळायला नकार देते, नाक बाहेर जातं. ट्रॅक्टरवर झालं तेच. वळण जितकं आखूड तितका हा नकार मोठा. पाव हिस्सा आणि अर्धा टक्का आठवा. म्हणून आखूड वळणात अशा गाडीचा वेग साध्या गाडीपेक्षा थोडा आधी आणि थोडा जास्त उतरवायचा. ब्रेक सरळ रेषेत मारायचा आणि शेवटचा हलका दाब स्टिअरिंग वळवेपर्यंत ठेवायचा. त्या दाबाने पुढच्या चाकांवर वजन राहतं आणि नाक आत येतं. नाक येत नाही म्हणून स्टिअरिंग आणखी पिळलं तर पुढचे टायर फक्त घासतात.

*मधे.* इथे नवशिक्या चालकाची घाई नडते. थोडा पाय दिला की लॉक बांधतो, पण आतलं चाक अजून घसरत नसल्यामुळे गाडी बाहेरच ढकलली जाते. त्याला वाटतं गाडी वळत नाही, म्हणून तो पाय झटकन काढतो. वजन पुढे येतं, लॉकची बांधणी बदलते, मागचा भाग हलका होतो आणि गाडी एकदम आत वळते. अर्ध्या सेकंदात ‘वळत नाही’ची ‘फारच वळली’ होते. मधल्या भागात पाय स्थिर हवा. द्यायचा तर हळू, काढायचा तर हळू.

*निघताना.* आता खरा फायदा. तुम्ही जोर वाढवता, हलकं झालेलं आतलं चाक घसरायला लागतं. आता जास्त फिरणारं चाक आतलं आहे. नियम तोच, पण दिशा उलटली. लॉक आतल्याचं काढून बाहेरच्याला देतो. बाहेरची बाजू पुढे ढकलली जाते आणि गाडीचं नाक वळणात आत येतं. पाय दिल्यावर गाडी वळायला मदत करते. लिमिटेड स्लिपवाल्या गाडीची चटक लागते ती या क्षणामुळे. साध्या डिफरन्शियलची गाडी इथे आतलं चाक जाळत, नुसता धूर काढत बसते.

म्हणजे एकाच वळणात तोच लॉक आधी गाडीला बाहेर ढकलतो आणि नंतर आत ओढतो. हा पालट कधी होतो, हे पाठीला आणि हातांना कळणं म्हणजेच अशी गाडी चालवता येणं. लक्षात ठेवायला सोपं सूत्र असं: स्टिअरिंग जितकं सरळ होत जाईल तितकाच पाय दाबायचा.

पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीत हेच पुढे घडतं आणि ते थेट हातात जाणवतं. २०२० मध्ये भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टाविया व्हीआरएस २४५ मध्ये पुढच्या आसावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं असं डिफरन्शियल होतं. अशा गाडीत वळणातून निघताना जोर दिला की स्टिअरिंग आत ओढ घेतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत.

गेलेला फ्यूज

मग धोका कुठे आहे? साध्या डिफरन्शियलच्या त्या खोडीत एक उपकारही दडलेला होता. तुम्ही जास्त जोर दिलात तर आतलं एकच चाक फिरतं, आणि बाहेरचं चाक पकड ठेवून गाडीची शेपटी जागेवर धरून ठेवतं. आतलं चाक म्हणजे फ्यूज. तो उडतो, घर वाचतं.

लॉकने तो फ्यूज काढून टाकला. आता बाहेरच्या चाकालाही पूर्ण जोर जातो. त्याचीही हद्द ओलांडली की दोन्ही चाकं एकदम सुटतात. फिरणाऱ्या टायरला बाजूची पकड जवळपास उरत नाही. मागे धरणारं कुणीच नाही, शेपटी निघाली. कोरड्या ट्रॅकवर ही हद्द दूर असते आणि सावध चालकाला ती येताना कळते. पहिल्या पावसात, डांबरावर धूळ आणि तेल तरंगत असताना, ती फार जवळ येते. रस्त्याला एका बाजूला उतार असेल तर दोन्ही चाकं फिरू लागलेली गाडी सरळ त्या उताराकडे घसरते. शेताच्या धुऱ्यावर, बाजूच्या उतारावर लॉक लावलेला ट्रॅक्टरही असाच खाली सरकतो.

म्हणून ओल्या रस्त्यावर अशा गाडीत एक गिअर वरचा ठेवा, जोर हळू द्या, आणि गाडीतली स्थिरतेची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बंद करू नका. तो उडालेला फ्यूज थोडाफार परत बसवणारी तीच एक गोष्ट आहे.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: जुन्या गाडीचं डिफरन्शियल वेल्ड करून लॉक करता येतं. स्वस्तही पडतं. करावं का?*

रस्त्यावरच्या गाडीसाठी नाही. वेल्ड म्हणजे कायमचा लॉक. प्रत्येक कोपऱ्यावर त्या पाव हिश्शाचा हिशेब टायर आणि अ‍ॅक्सल मिळून चुकवतात. टायर लवकर जातात, अ‍ॅक्सलवर सतत पीळ बसतो आणि तो कधी तुटेल सांगता येत नाही. पावसात वळणावर गाडी सरळ जाते. ती गाडी घरचे लोकही चालवत असतील, त्यांना याची कल्पना नसते.

*प्रश्न: आपल्या गाडीत लॉक आहे की नाही, कसं ओळखायचं?*

सगळ्यात खात्रीचं म्हणजे गाडीचं पुस्तक. दुसरं, मेकॅनिककडे गाडी नीट टेकूवर घेऊन चालणारी दोन्ही चाकं हवेत ठेवा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. एक चाक हाताने फिरवा. साधं डिफरन्शियल असेल तर दुसरं उलट फिरेल. प्लेटांचं लिमिटेड स्लिप असेल तर बहुधा त्याच दिशेने फिरेल. मात्र आपोआप लागणारा लॉक हाताच्या वेगावर लागत नाही, तो साध्यासारखाच वाटेल.

याला जोडून एक इशारा. लॉक किंवा लिमिटेड स्लिप असलेल्या गाडीचं एकच चाक जॅकवर उचलून, इंजिन चालू ठेवून गिअर टाकू नका. जमिनीवरचं दुसरं चाक गाडी पुढे काढेल आणि ती जॅकवरून पडेल. पंक्चर काढणाऱ्या पोरांना हे मुद्दाम सांगा.

*प्रश्न: पार्किंगमध्ये वळताना मागून कटकट आवाज येतो. बिघाड आहे का?*

प्लेटांच्या डिफरन्शियलमध्ये आखूड वळणावर थोडी कुरबुर चालते. एकदम वाढली तर तेल बघा. त्याला वेगळं तेल लागतं, कुठलंही गिअर ऑइल चालत नाही. आणि एका आसावरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले आणि सारख्या हवेचे ठेवा. एक नवा, एक जुना घातला तर घेर वेगळे होतात आणि सरळ रस्त्यावरही प्लेटा अखंड घासत राहतात.

*प्रश्न: खाणीवर टिप्पर चालवतो. त्यात दोन स्विच आहेत. कुठला आधी?*

मागे दोन चालते आस असतात तिथे एक लॉक दोन आसांमधला आणि दुसरा डाव्या-उजव्या चाकांमधला असतो. सर्वसाधारण क्रम असा: आधी आसांमधला, त्याने भागलं नाही तरच चाकांमधला, कारण वळण अडवतो तो मुख्यतः दुसरा. सोडताना उलट क्रम. आणि पक्क्या रस्त्याला लागायच्या आधी दोन्ही दिवे विझलेत का, हे बघायचं. भरलेला टिप्पर लॉकसकट चौकात वळला तर वळणासाठी त्याला जास्तीची जागा लागते, आणि त्या जागेत कुणीतरी दुचाकीवर उभं असतं.

*प्रश्न: मग आमच्यासारख्यांनी सराव कुठे करायचा?*

सार्वजनिक रस्त्यावर नाही, एवढं नक्की. खरं तर पहिला सराव मोकळ्या वावरातच चांगला होतो. वेग चालण्याइतका, सपाट जमीन, शेजारी कुणी नाही. लॉक लावून एकदा वळून बघा आणि सोडून एकदा वळून बघा. नाक किती बाहेर जातं ते डोळ्यांनी दिसेल, मातीत टायरचे ओरखडेही दिसतील. वेगाचा सराव मात्र प्रशिक्षकासोबत, बंद ट्रॅकवर. कोइंबतूरचा कारी किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक दूर आहे खरा, पण तिथे चूक झाली तर मोकळी जागा असते. आपल्या रस्त्यावर तिथे माणूस असतो.

वेळ झाली आहे, थांबतो. आजचं सगळं विसरलात तरी चालेल, एक प्रश्न तेवढा सोबत न्या. चाकं फिरतायत, लॉक लागलाय, समोर वळण आहे: आत्ता जास्त फिरतंय ते चाक घसरतंय की नुसतं वळतंय? घसरत असेल तर लॉक तुमचा. वळत असेल तर तो सोडा.